पत्ता हरवलेला नकाशा



गेल्या वार्षिक प्रदर्शनात आपल्या वर्गाने लावलेला गावाचा नकाशा तुम्हाला आठवत असेल. मधल्या गटातल्या एका मैत्रिणीचे आजोबा तेव्हा भारतातून इथे न्यू जर्सीला आले होते. त्यांचे गाव कळसूबाईच्या पायथ्याशी. त्यांनी आपल्या लहानपणीचे गाव एका मोठ्या कागदावर काढून दिले. देऊळ, शाळा, दोन विहिरी, ओढा, ओढ्याकाठचा वड आणि डोंगराकडे जाणारी पाऊलवाट. तुम्ही तो कागद स्कॅन केलात. मग आजोबांना शेजारी बसवून, तीन रविवार खपून, कागदावरची एकेक खूण उपग्रहाच्या छायाचित्रातल्या जागेशी जुळवलीत. त्यामुळे त्या कागदाला पृथ्वीवर हक्काची जागा मिळाली.

पुढचे काम माझ्याकडे होते. मी तो नकाशा डेटाबेसमध्ये ठेवला. प्रदर्शनासाठी त्यातून एक छानसे चित्र काढून छापून आणले. काही दिवसांनी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरची जागा भरली, तेव्हा तो डेटाबेस आणि जुळवलेली मूळ फाइल दोन्ही पुसून टाकले. "चित्र आहे की आपल्याकडे!" असे मनाशी म्हटले.

मे महिन्याच्या अखेरीस त्या मैत्रिणीचे सुट्टीत गावी जायचे ठरले. आजोबांचा नकाशा फोनवर घेऊन त्याच पाऊलवाटेने चालायचे, असा तिचा बेत होता. तिच्यासाठी मी ते चित्र नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये उघडले, तर गाव सह्याद्रीत नव्हतेच! शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे एकमेकांना छेदतात तिथे, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, त्याचा कोपरा टेकला होता. शिवाय चित्रातला प्रत्येक ठिपका एक अंशाचा धरला गेल्यामुळे दोन हजार ठिपके रुंदीचे आपले चित्र दोन हजार अंश पसरले होते. अख्ख्या पृथ्वीचे अंश असतात ३६०!

चित्रातली एक रेघही बदलली नव्हती. हरवला होता तो फक्त पत्ता. चूक माझी, म्हणून "आता तुम्हीच त्यावर लेख लिहा," अशी शिक्षा आपल्या संपादक मंडळाने मला दिली आहे. तर डेटाबेसमधला नकाशा फाइलमध्ये कसा काढावा आणि काढताना काय सांभाळावे, ते आज पाहू.

आलेखाच्या वहीतला डोंगर

तुमच्या गणिताच्या आलेखाच्या वहीचे पान डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक चौकोनात एक आकडा लिहिला आहे असे समजा. झाला 'रास्टर' नकाशा! रंगीत चित्र असेल तर प्रत्येक चौकोनात तीन आकडे असतात, एक लाल रंगाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. उंचीचा नकाशा असेल तर एकच आकडा पुरतो, समुद्रसपाटीपासून किती मीटर.

असा उंचीचा एक प्रसिद्ध नकाशा अवकाशातून तयार झाला. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' हे अमेरिकन अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत होते. त्याने रडारच्या मदतीने ६० अंश उत्तरेपासून ५६ अंश दक्षिणेपर्यंतच्या जमिनीची उंची मोजली. ही माहिती एकेक अंशाच्या फाइलींत वाटलेली आहे. कळसूबाई ज्या फाइलीत येते तिचे नाव 'एन१९ई०७३'. म्हणजे १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांश हा तिचा खालचा डावा कोपरा. त्या एका फाइलीत आडवे ३६०१ आणि उभे ३६०१ असे १,२९,६७,२०१ चौकोन आहेत. जमिनीवर एका चौकोनाची बाजू सुमारे ३० मीटर भरते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. तेव्हा त्या फाइलीत कुठेतरी एका चौकोनात त्याच्या जवळपासचा आकडा बसलेला आहे.

आता नीट लक्ष द्या. चौकोनांत फक्त उंची असते. तो चौकोन पृथ्वीवर कुठे आहे, हे चौकोनात कुठेच लिहिलेले नसते. ते वेगळे लिहून ठेवावे लागते. पहिल्या चौकोनाची जागा कोणती, एक चौकोन केवढा, आणि ही मोजणी कोणत्या पद्धतीने केली. अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीला ४३२६ असा क्रमांक दिलेला आहे. या साऱ्याला आपण नकाशाचा पत्ता म्हणू. म्हणजे प्रत्येक रास्टर नकाशात दोन गोष्टी असतात, आकडे आणि पत्ता. डेटाबेसमधून फाइल काढताना या दोन्ही गोष्टी बाहेर आल्या की नाहीत, एवढेच खरे तर पाहायचे असते.

डेटाबेसमधली गोधडी

'पोस्टग्रेस' नावाचा एक फुकट मिळणारा डेटाबेस आहे. त्याला 'पोस्टजीआयएस' ही जोड दिली की तो नकाशे सांभाळू लागतो. रास्टर नकाशे ठेवण्याची सोय त्याच्या २.० या आवृत्तीत, २०१२ साली, आली. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून रास्टरची जोड वेगळी बसवावी लागते. पुष्कळ जण ते विसरतात आणि आज्ञा चालत नाहीत म्हणून डोके खाजवत बसतात.

मोठा नकाशा डेटाबेसमध्ये अखंड ठेवत नाहीत. त्याचे सारख्या मापाचे तुकडे करतात आणि तक्त्याच्या एकेका ओळीत एकेक तुकडा ठेवतात. आपली आजी गोधडी शिवताना तुकडे मांडून ठेवते ना, तसेच. आपण १०० बाय १०० चौकोनांचे तुकडे केले तर 'एन१९ई०७३' चे आडवे ३७ आणि उभे ३७ असे १३६९ तुकडे होतात. (३६०१ ला १०० ने भागून पाहा. शेवटच्या रांगेतले तुकडे एकाच चौकोनाच्या रुंदीचे का येतात, ते कळेल.) प्रत्येक तुकड्याजवळ त्याचा स्वतःचा पत्ता असतो. त्यामुळे हवा तो तुकडा चटकन सापडतो.

आधी निवडा, मग शिवा

फाइल काढताना पहिली चूक होते ती इथेच. डेटाबेसकडे नुसता 'नकाशा' मागितला तर तो ओळीमागून ओळ, म्हणजे तुकड्यामागून तुकडा देतो. पहिल्यांदा माझ्या हातात शंभर बाय शंभरचे एक ठिगळ आले होते.

समजा, आपल्याला कळसूबाईभोवतीचा ०.१ अंशाचा, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा चौरस हवा आहे. क्रम असा ठेवावा :

१. त्या चौरसाला स्पर्श करणारे तुकडेच निवडायचे. ही आज्ञा 'एसटी-इंटरसेक्ट्स'.
२. निवडलेले तुकडे एकत्र शिवायचे. ही आज्ञा 'एसटी-युनियन'.
३. शिवलेल्या कापडातून हवा तेवढाच चौरस कापायचा. ही आज्ञा 'एसटी-क्लिप'.

(कॉम्प्युटरला या आज्ञा इंग्रजी अक्षरांतच द्याव्या लागतात, आणि मधल्या आडव्या रेघेच्या जागी खालची रेघ द्यावी लागते. आपण मराठीच्या वर्गात आहोत म्हणून मी त्या अशा लिहिल्या आहेत.)

चौरसाच्या मध्यभागी शिखर ठेवले तर वरच्या हिशेबात १३६९ पैकी फक्त २५ तुकडे लागतात. हा क्रम उलटा करून आधी सगळे तुकडे शिवले आणि मग कापले, तरी उत्तर तेच येते. पण पावशेर तांदळासाठी सगळी कोठी उपसल्यासारखे होते, आणि मोठ्या नकाशावर कॉम्प्युटर तासन्‌तास दमतो.

कोणत्या डब्यात भरायचे?

आता नकाशा हातात आला. तो कोणत्या प्रकारच्या फाइलीत भरायचा? आमटी कागदात बांधत नाहीत आणि चिवड्याला थर्मास लागत नाही. फाइलींचेही तसेच आहे. नेहमीचे प्रकार तीन.

जेपेग : फोटोंसाठी उत्तम, फाइल लहान. पण लहान करताना हा प्रकार काही बारकावे टाकून देतो. आपले हे पत्रक पाहा. मूळ पानाची झेरॉक्स ठीक दिसते, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलात तर अक्षरे फुटू लागतात. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठवली की तिचेही तसेच होते. उंचीचे आकडे हिच्यात कधी ठेवू नयेत.

पीएनजी : ही काही टाकून देत नाही. रेघा आणि अक्षरे स्वच्छ राहतात. भिंतीवर लावायच्या चित्रासाठी छान. मात्र उंचीचे रंगीत चित्र करताना सहसा दर चौकोनाला ० ते २५५ एवढेच आकडे वापरतात. १६४६ मीटर त्या २५६ छटांत बसवायचे म्हणजे एका छटेत जवळजवळ साडेसहा मीटर जातात. कुणी विचारले, "या टेकडीपेक्षा ती टेकडी चार मीटर उंच आहे का?" तर चित्र उत्तर देऊ शकत नाही. शिवाय समुद्रसपाटीखालची जागा, म्हणजे उणे आकडा, पीएनजीत मावतच नाही.

टिफ, आणि तिची बहीण जिओटिफ : टिफमध्ये मोठे आकडे, उणे आकडे, दशांशाचे आकडेसुद्धा जसेच्या तसे राहतात. जिओटिफमध्ये त्यांच्याबरोबर नकाशाचा पत्ताही त्याच फाइलीच्या आत लिहिलेला असतो. आकडे न गमावता फाइल लहान करायची असेल तर 'एलझेडडब्ल्यू' नावाची घडी घालण्याची पद्धत वापरता येते.

पोस्टजीआयएसमध्ये यांच्या आज्ञा अनुक्रमे 'एसटी-अ‍ॅज-जेपेग', 'एसटी-अ‍ॅज-पीएनजी' आणि 'एसटी-अ‍ॅज-टिफ' अशा आहेत. इतर प्रकारांसाठी 'एसटी-अ‍ॅज-जीडाल-रास्टर' ही सर्वांची मिळून एक आज्ञा आहे. सुरक्षिततेसाठी हे प्रकार सुरुवातीला बंद ठेवलेले असतात. कोणते उघडे आहेत ते 'एसटी-जीडाल-ड्रायव्हर्स' ही आज्ञा सांगते. यादी रिकामी आली तर घाबरू नका. डेटाबेस सांभाळणाऱ्याने परवानगी दिली की काम होते.

मी आजोबांचा नकाशा पीएनजीत काढला होता. भिंतीसाठी ते बरोबरच होते. चूक झाली ती, पीएनजीसोबत पत्ता वेगळा काढून ठेवला नाही ही.

पत्त्याच्या सहा ओळी

चित्राजवळ पत्ता ठेवण्याची एक जुनी, साधी रीत आहे. चित्राच्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल करायची. तिला 'वर्ल्ड फाइल' म्हणतात. पीएनजी असेल तर तिच्या नावाचा शेवट 'पीजीडब्ल्यू' असा करतात. तिच्यात फक्त सहा ओळी असतात. कळसूबाईच्या पूर्ण फाइलीसाठी त्या अशा येतील :

०.०००२७७७७७८
०
०
-०.०००२७७७७७८
७३
२०

पहिली ओळ म्हणजे एका चौकोनाची रुंदी, अंशांत. एका अंशाचे ३६०० भाग केले की हा आकडा येतो. पुढची दोन शून्ये सांगतात की नकाशा तिरका ठेवलेला नाही. चौथी ओळ चौकोनाची उंची. ती उणे आहे, कारण चित्र वरून खाली वाचतात आणि अक्षांश मात्र खालून वर वाढतात. शेवटच्या दोन ओळी म्हणजे सर्वांत वरच्या डाव्या चौकोनाच्या मध्याची जागा, ७३ अंश पूर्व आणि २० अंश उत्तर.

या ओळी हाताने लिहायची गरज नाही. 'एसटी-जिओरेफरन्स' ही आज्ञा त्या काढून देते. तिला 'ईएसआरआय' पद्धतीने दे असे सांगावे, म्हणजे चौकोनाचा कोपरा न धरता मध्य धरला जातो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. नकाशा कापला की त्याचा वरचा डावा चौकोन बदलतो, म्हणून पत्ता कापलेल्या नकाशाचाच घ्यायचा, जुन्याचा नाही. आणि या सहा ओळींत मोजणीच्या पद्धतीचा क्रमांक नसतो. तो आपण जवळ टिपून ठेवायचा.

फाइल कुणाच्या घरी पडली?

वरच्या आज्ञा दिल्यावर डेटाबेस लगेच फाइल देत नाही. पडद्यावर अक्षरे आणि आकडे यांची लांबच लांब ओळ दिसते. ती म्हणजेच चित्र, फक्त अजून फाइलीत उतरलेले नाही. काही जण 'कॉपी' या आज्ञेने ती बायनरी पद्धतीने फाइलीत ओततात. पण ती आज्ञा चित्राच्या आधी आणि शेवटी स्वतःच्या काही खुणा घालते. मग चित्र उघडतच नाही, आणि आपल्याला वाटते नकाशा बिघडला.

'एलओ-एक्सपोर्ट' ही आज्ञा फाइल बरोबर लिहिते. पण डेटाबेसच्या आत दिली तर फाइल डेटाबेस ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे लिहिली जाते, आपल्या कॉम्प्युटरवर नाही. आपण आपल्या घरी शोधत बसतो आणि फाइल शेजारच्यांच्या घरी पडलेली असते! 'पीएसक्यूएल' या प्रोग्रॅममध्ये याच नावाची दुसरी आज्ञा आहे, तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. ती फाइल आपल्याच घरी आणते. काम झाल्यावर डेटाबेसमध्ये उरलेली तात्पुरती प्रत 'एलओ-अनलिंक' ने काढून टाकावी, नाहीतर नकळत जागा भरत जाते. तुमच्यापैकी जे शाळेत पायथन शिकतात, त्यांनी तो मजकूर पायथनमध्ये घेऊन बायनरी फाइलीत लिहिला तरी चालेल.

आणि सर्वांत सोपी वाट शेवटी सांगतो. 'जीडाल-ट्रान्सलेट' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोलतो. त्याला डेटाबेसचे नाव, तक्त्याचे नाव आणि 'मोड २' असे सांगितले की तो सगळे तुकडे एकच नकाशा समजून जोडतो आणि पत्त्यासकट जिओटिफ लिहून देतो. 'मोड १' सांगितले तर मात्र प्रत्येक तुकडा वेगळा धरतो. म्हणजे पुन्हा ठिगळेच.

पुसण्यापूर्वी

फाइल तयार झाली की ती नुसती बघू नका, तिला प्रश्न विचारा. 'जीडाल-इन्फो' या प्रोग्रॅमला फाइलीचे नाव दिले की तो तिचे कोपरे, चौकोनाचे माप आणि पद्धतीचा क्रमांक छापून देतो. कोपरे ७३ आणि २० च्या आसपास असायला हवेत, ० आणि ० नव्हेत. उंचीचा नकाशा असेल तर सर्वांत मोठा आकडा पाहा. तो १६४६ च्या जवळ हवा, २५५ नव्हे. या दोन्ही गोष्टी पाहायला मिनिटभर लागते. मी ते मिनिट वाचवले, आणि तुमचे तीन रविवार गेले.

मूळ डेटाबेस पुसायचाच असेल तर आधी त्याची पूर्ण प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवावी. भिंतीवरचे चित्र ही प्रत नव्हे.

पुढे काय झाले, ते तुमच्यापैकी मोठ्या गटाला ठाऊक आहे. आजोबा तोवर भारतात परतले होते. आपण पुन्हा दोन रविवार बसलो. ओढ्याकाठचा वड काही केल्या छायाचित्रात सापडेना. शेवटी वर्गातूनच फोन लावला. आपल्याकडे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसात. आजोबा म्हणाले, "अरे, तो वड केव्हाच पडला. आता तिथे छोटा पूल आहे, तो शोधा." पूल लगेच सापडला. पहिल्या वेळी हे त्यांनी शेजारी बसून सांगितले होते आणि आपण कुठेच लिहून ठेवले नव्हते. या खेपेला लिहिले. नकाशा जिओटिफमध्ये काढला, त्याच्या दोन प्रती केल्या आणि एक फोनवर दिली.

जुलैमध्ये त्या मैत्रिणीने फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला. आजोबांनी हाताने काढलेली पाऊलवाट आणि तिच्यावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे ती स्वतः!

गृहपाठ

१. कळसूबाईचे शिखर सुमारे १९.६० उत्तर अक्षांश व ७३.७१ पूर्व रेखांशावर आहे. वरच्या डाव्या चौकोनापासून (७३, २०) ते किती चौकोन उजवीकडे आणि किती चौकोन खाली येईल? (एका अंशात ३६०० चौकोन.)
२. १०० बाय १०० च्या गोधडीत शिखर कितव्या रांगेतल्या कितव्या तुकड्यात येईल?
३. अ‍ॅटलासमध्ये साल्हेर शोधा. तो कोणत्या नावाच्या उंचीच्या फाइलीत येईल?
४. आजी-आजोबांना त्यांच्या गावाचा किंवा गल्लीचा नकाशा काढायला सांगा. प्रत्येक खुणेजवळ आज तिथे काय आहे, ते मराठीत लिहून आणा.

उत्तरे : १) २५५६ उजवीकडे, १४४० खाली. २) पंधराव्या रांगेतला सव्विसावा तुकडा. ३) एन२०ई०७३. चौथ्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे.

शब्दार्थ

पायथा – डोंगराचा तळ
पाऊलवाट – पायी चालून पडलेली अरुंद वाट
अक्षांश – विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, ते सांगणारे माप
रेखांश – ग्रीनिचपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, ते सांगणारे माप
गोधडी – जुन्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेले पांघरूण
ठिगळ – फाटलेल्या जागी लावलेला कापडाचा तुकडा
पावशेर – शेराचा चौथा भाग, जुने माप
कोठी – धान्य साठवण्याची जागा